जुन्या होम कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या वाचवायच्या असतील तर आधी फ्लक्स काढा, बाकीचं नंतर

खोकंभर जुन्या फ्लॉप्या हाती लागल्या की कुणालाही पहिली सुरसुरी येते ती म्हणजे एक ड्राइव्हमध्ये सरकवून बघू तरी काय आहे आत. तेवढं एक सोडून बाकी काहीही करा. कमोडोर ६४, ॲपल टू, अटारी, अमिगा, बीबीसी मायक्रो यांच्या डिस्क म्हणजे आता पस्तीस-चाळीस वर्षांचा माल, बऱ्याचशा अजूनही ठणठणीत वाचल्या जातात, पण काहींच्यात जेमतेम एकदा नीट फिरण्याइतकाच जीव उरलेला असतो आणि कुठली कशी आहे ते बाहेरून कळत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कला एकच फेरी शिल्लक आहे असं धरून चालायचं, त्या एका फेरीत जेवढं मिळेल तेवढं सगळं उचलून घ्यायचं, आणि आत काय आहे, कुठला गेम, कुणाची पत्रं, हे नंतर सावकाश बघायचं.

सगळं उचलायचं म्हणजे काय? इमेज, म्हणजे डिस्कची फाइलमधली नक्कल, दोन जातीच्या असतात. एक सेक्टर इमेज (डिस्कवरच्या गोल वर्तुळाला ट्रॅक म्हणतात आणि ट्रॅकच्या तुकड्याला सेक्टर), म्हणजे ड्राइव्ह आणि कंट्रोलर मिळून डिस्कवरचं वाचतात, त्याचा अर्थ लावतात आणि शिजवलेला डेटा तुमच्या हातात देतात. अमिगाची एडीएफ ही अशी, ८० सिलिंडर (म्हणजे प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक), २ बाजू, ट्रॅकला ११ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, गुणाकार करा, ९,०१,१२० बाइट. कमोडोरची डी६४ तर फक्त १,७४,८४८ बाइट. दुसरी जात फ्लक्स इमेज. यात अर्थबिर्थ काही लावत नाहीत, ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडखालून डिस्क जाताना चुंबकाची दिशा कधी कधी पलटली आणि दोन पलट्यांमध्ये किती वेळ गेला एवढंच मोजून जसंच्या तसं साठवतात. फाइल दहा-वीस एमबीची होते, पण त्यात सगळं असतं, खराब सेक्टर, कॉपी प्रोटेक्शनच्या खोड्या, अर्धवट पुसलेलं, सगळं. फ्लक्सवरून सेक्टर इमेज कधीही बनवता येते, उलटं होत नाही. माझं मत सरळ आहे, फ्लक्स जपायला आणि सेक्टर इमेज वापरायला, ज्याने फक्त डी६४ काढली त्याने काम अर्धंच केलं.

तुम्ही म्हणाल यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पडलाय घरात, तो का नको. तो पीसीच्या १.४४ एमबी आणि बहुतेक वेळा ७२० केबी डिस्कपुरता ठीक आहे, तेवढंच असेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने इमेज काढा आणि मोकळे व्हा. पण होम कॉम्प्युटरवाल्यांनी प्रत्येकाने आपलं वेगळंच घोडं दामटलेलं. कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह एका वेगाने फिरतो पण बाहेरच्या ट्रॅकवर २१ सेक्टर लिहितो, मग १९, मग १८ आणि अगदी आतल्यांवर १७, कारण बाहेरचा घेर मोठा आहे तर जागा कशाला वाया घालवा. ॲपल टूच्या डिस्क टू नावाच्या ड्राइव्हमध्ये डॉस ३.३ पासून ३५ ट्रॅक, १६ सेक्टर, १४० केबी, त्याआधी १३ सेक्टर, आणि दोन्हींचं एन्कोडिंग, म्हणजे बिट डिस्कवर उमटवायची पद्धत, जीसीआर. जुन्या मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या डिस्कसाठी तर ड्राइव्हची मोटरच ट्रॅकप्रमाणे वेग बदलायची. अमिगा पीसीचीच एमएफएम पद्धत वापरतो पण अख्खा ट्रॅक एका दमात लिहितो, सेक्टरांमध्ये पीसीसारख्या फटी नाहीत, त्यामुळे पीसीच्या कंट्रोलरला तो कचरा वाटतो. बीबीसी मायक्रोची मूळ डिस्क सिस्टिम डीएफएस आणि अटारीचा ८१० ड्राइव्ह हे एफएम पद्धतवाले, म्हणजे सिंगल डेन्सिटी. त्यातल्या त्यात अटारी एसटी पीसीच्या जवळचा. हे सगळे ताप यूएसबी ड्राइव्हच्या डोक्यावरून जातात, आणि विंडोज तर वर विचारतं की डिस्क फॉरमॅट करायची का. त्या बटनाजवळ माउस नेऊ नका.

तर लागतं काय. एक फ्लक्स वाचणारा छोटा बोर्ड. ग्रीझवीझल हा सध्या सगळ्यात सोपा पर्याय, डिझाइन कीर फ्रेझर यांचं, सॉफ्टवेअर ओपन सोर्स, एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला ३४ पिनची नेहमीची फ्लॉपी केबल. क्रायोफ्लक्स, सुपरकार्ड प्रो हेही तेच काम करतात, ॲपलच्या डिस्क जास्त असतील तर ॲपलसॉस बघा, त्याला खरे ॲपलचे ड्राइव्ह जोडता येतात. कमोडोरचा चालू १५४१ तुमच्याकडे असेल तर झूमफ्लॉपी नावाच्या ॲडाप्टरने तो थेट यूएसबीला लागतो. कुठला घ्यायचा यावर फार वेळ घालवू नका, फ्लक्स बोर्डांच्या फाइल बहुतेक एकमेकांत बदलता येतात.

ड्राइव्ह मात्र नीट निवडा, खरा खेळ तिथे आहे. साडेतीन इंचीसाठी पीसीचा साधा १.४४ एमबीचा ड्राइव्ह चालतो, अमिगा, एसटी, मॅक तिन्हीला, कारण फ्लक्स वाचताना मोटरचा वेग वेगळा असला तरी सॉफ्टवेअर नंतर जुळवून घेतं. सव्वापाच इंचीसाठी बहुतेकांना १.२ एमबीचा ८० ट्रॅकवाला मिळतो, तो ३६० आरपीएमने फिरतो, जुनी डिस्क ३०० आरपीएमवर आणि ४० ट्रॅकवर लिहिलेली (अटारीवाली २८८ वर), पण वाचायला अडचण नाही, सॉफ्टवेअरला डबल स्टेप सांगायचं म्हणजे हेड एक ट्रॅक सोडून एक जातं. अडचण येते ती आधी ४० ट्रॅकच्या ड्राइव्हवर लिहिलेली आणि मग कुणीतरी ८० ट्रॅकवाल्यावर पुन्हा लिहिलेली डिस्क आली की, बारीक हेडने मधोमध लिहिलं आणि कडेला जुनं तसंच राहिलं. तिला उलट हा ८० ट्रॅकवालाच चांगला, रुंद हेड जुनं नवं दोन्ही एकदम ऐकतं. आणि ॲमस्ट्रॅड सीपीसी किंवा स्पेक्ट्रम प्लस थ्रीच्या ३ इंची डिस्क असतील तर त्यांचाच ड्राइव्ह शोधावा लागतो, त्यातला रबरी बेल्ट वर्षानुवर्षांत सैल पडलेला किंवा चिकट झालेला असतो, तो आधी बदला.

जोडणीचं थोडक्यात. साडेतीन इंची ड्राइव्ह साधारण ५ व्होल्टवर भागवतात, सव्वापाचला मोटरसाठी १२ व्होल्टही लागतात, म्हणजे वेगळा पॉवर सप्लाय आला. साडेतीनचा छोटा पॉवर कनेक्टर एक पिन सरकून बसला तर ड्राइव्ह गेला म्हणून समजा, दोनदा बघून लावा. ड्राइव्हचा दिवा लावल्या लावल्या पेटला आणि विझतच नाही म्हणजे रिबन केबल उलटी लागलीय, बंद करून फिरवून लावा. आणि एक आवडती युक्ती सांगतो, ३४ पिनच्या केबलमधली २४ नंबरची तार राइट गेटची, म्हणजे ड्राइव्हला लिहायला सांगणारी असते, ती एक तार कापून टाकली की त्या केबलवरून कुणाच्या बापाला डिस्कवर लिहिता येत नाही. वाचण्यासाठी अशी एक केबल वेगळीच करून ठेवा, त्यावर ठसठशीत लिहून ठेवा म्हणजे पुढे ड्राइव्ह लिहीत का नाही म्हणून डोकं धरून बसावं लागणार नाही.

तार कापायची नसेल तर निदान प्रत्येक डिस्क राइट प्रोटेक्ट करा, आणि इथे लोक गोंधळतात कारण दोन्ही साइझचं उलट आहे. साडेतीन इंचीला कोपऱ्यातलं भोक उघडं असलं की लिहिता येत नाही, सव्वापाचला कडेची खाच झाकली की लिहिता येत नाही. आठ इंचीला पुन्हा खाच उघडी म्हणजे बंद. सव्वापाचची खाच झाकायला पारदर्शक सेलोटेप अजिबात लावू नका, बऱ्याच ड्राइव्हमध्ये तिथे प्रकाशाचा सेन्सर असतो आणि त्याला टेपच्या आरपार दिसतं, काळी किंवा चंदेरी टेप घ्या. हे एवढं सोवळं कशासाठी असं वाटत असेल तर एक उदाहरण, विंडोज ९५ आणि ९८ मध्ये राइट प्रोटेक्ट नसलेली फ्लॉपी नुसती उघडून बघितली तरी सिस्टिम गुपचूप बूट सेक्टरमधलं (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधलं) ओईएम नाव बदलून ठेवायची. तुम्ही काही सेव्ह केलं नाही, तरी डिस्क बदललेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच सगळ्यात जास्त टाळतात. डिस्क डोळ्यांनी बघणं. सव्वापाच इंची असेल तर मधल्या गोलात बोट घालून डिस्क हळूहळू फिरवा आणि लांबट खिडकीतून दिसणाऱ्या पृष्ठभागावर टॉर्चचा उजेड आडवा, अगदी तिरका टाका. दोन्ही बाजू बघा, पण कमोडोरसारख्या एकबाजू ड्राइव्हची असेल तर लेबल वर धरल्यावर जी खाली येते ती बाजू जास्त निरखून, कारण हेड तिथे टेकतं. चांगली डिस्क काळपट तपकिरी आणि सगळीकडे सारखी चमकते. धुरकट पांढरे ठिपके किंवा जाळीसारखे डाग दिसले तर बुरशी. चकचकीत गोल रेघ दिसली आणि उजेडासमोर धरल्यावर त्या रेघेतून आरपार दिसलं तर तिथलं ऑक्साइड, म्हणजे डेटा धरणारा चुंबकी थर, खरवडून गेलंय, तो ट्रॅक आता देवाघरी. साडेतीनची धातूची पट्टी बोटाने सरकवून तसंच बघायचं, मधली धातूची चकती फिरवत फिरवत.

बुरशीवाली डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की दोन गोष्टी होतात, त्या डिस्कवर ओरखडा पडतो आणि हेडला घाण लागते, मग ती घाण पुढच्या चांगल्या डिस्कला कापत जाते. एक घाण हेड एका दुपारी अख्खी पेटी खलास करू शकतं. माझ्या मते जुन्या डिस्क वयाने जेवढ्या मरतात त्यापेक्षा जास्त अशा घाईने मरतात. म्हणून संशयास्पद डिस्क बाजूला काढा, वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि चांगल्या सगळ्या झाल्यावरच त्यांच्याकडे वळा.

धुवायची पद्धत अशी, की सव्वापाच इंचीच्या जाकिटाची वरची कड ब्लेडने सावकाश उघडायची, आतली लवचिक चकती मधल्या भोकाला धरून बाहेर काढायची, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लिंट न सोडणाऱ्या मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसायचं, घासायचं नाही, दाबायचं नाही. आधी कडेच्या एका कोपऱ्यात लावून बघा, कापडाला तपकिरी रंग आला तर लगेच थांबा, त्या डिस्कचं बाइंडर (तो थर चिकटवून ठेवणारा पदार्थ) सुटतंय आणि तुम्ही डेटाच पुसताय. बुरशी जास्त असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर सौम्य साबण टाकून धुता येतं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून पूर्ण वाळवायचं, हेअर ड्रायर वगैरे नको. वाळली की जुन्या जाकिटात परत घालू नका, आतल्या अस्तरात बुरशी बसलेली असते, एखादी बिनकामाची स्वच्छ डिस्क उघडून तिचं जाकीट वापरा. चकती काढताना वरची बाजू कुठली त्याची मधल्या रिंगजवळ मार्करने बारीक खूण करा, नाहीतर नंतर कोडं. हे करताना मास्क लावा, बुरशीची पूड नाकात घेण्यासारखी वस्तू नाही.

मग ड्राइव्ह. हेड आधी साफ करायचं, कापसाच्या काडीवर तेच अल्कोहोल, दोन्ही बाजू वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये वरचं हेड नाजूक स्प्रिंगवर असतं ते केसभरच उचलायचं, जास्त उचललं की अलाइनमेंट, म्हणजे हेड ट्रॅकवर नेमकं बसणं, गेली. त्यानंतर पहिली डिस्क घालायची ती ज्याच्यावर काही नाही अशी, किंवा ज्याची इमेज आधीच सगळीकडे मिळते अशी. ती वाचा, काढा, तिच्यावर नवी रेघ उठली का बघा. नसेल तर पुढे जा.

वाचताना सेटिंग काय ठेवायची, तर ट्रॅक जितके असायला हवेत त्यापेक्षा जास्तच सांगा, ड्राइव्ह जाईल तिथपर्यंत, कारण काही लोकांनी ३५ च्या पुढे ४० पर्यंत लिहून ठेवलेलं असतं. दोन्ही बाजू वाचा, एकबाजू डिस्क आहे असं वाटत असलं तरी. प्रत्येक ट्रॅकच्या तीन ते पाच फेऱ्या घ्या, म्हणजे एखादा बिट डळमळीत असेल तर दर फेरीला वेगळा येतो आणि ते कळतं, काही कॉपी प्रोटेक्शन तर मुद्दाम असे डळमळीत बिट ठेवूनच चालायचे. एका साडेतीन इंचीला दोन-तीन मिनिटं लागतात. या वेळात मोबाइल बघत बसू नका, कान ड्राइव्हकडे ठेवा. नेहमीची टक टक आणि मोटरची घरघर ठीक, पण बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला की त्याच क्षणी थांबवून डिस्क बाहेर, पॉवर काढली तरी चालेल. तो आवाज म्हणजे चकती हेडला चिकटतेय आणि पुढच्या काही फेऱ्यांत ऑक्साइड निघणार. अशा चिकट डिस्कसाठी काही अनुभवी मंडळी सायक्लोमेथिकोन नावाचं उडून जाणारं वंगण थोडंसं लावून वाचतात, पण तो अगदी शेवटचा उपाय, आणि आधी बिनकामाच्या डिस्कवर हात बसवा.

कमोडोर, ॲपल आणि अटारी ८ बिटवाल्यांची एक खास कटकट आहे. पैसे वाचवायला लोक सव्वापाचला दुसऱ्या कडेला कात्रीने खाच पाडायचे आणि डिस्क उलटी घालून मागची बाजू वापरायचे. आता ती उलटी डिस्क पीसीच्या ड्राइव्हमध्ये घातली की जाकिटावरचं इंडेक्सचं भोक (फेरी कुठे सुरू होते ते ड्राइव्हला कळायचं) भलतीकडे जातं, ड्राइव्हला इंडेक्स पल्सच दिसत नाही आणि तो रुसून बसतो. मूळ १५४१ ला इंडेक्सशी घेणंदेणंच नव्हतं म्हणून तिथे चालायचं. उपाय दोन, ग्रीझवीझलला खोटा इंडेक्स धरायला सांगता येतं (ड्राइव्ह इंडेक्सशिवाय डेटा सोडत असेल तर), किंवा अशा डिस्कसाठी मूळ ड्राइव्ह वापरायचा. डिस्क न उलटता वरच्या हेडने वाचायचं म्हटलं तर डेटा उलट दिशेने येतो आणि वरचं हेड खालच्याच्या नेमकं समोर नसतं, काही ट्रॅक सरकलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचे, बाहेरचे ट्रॅक हाताला लागत नाहीत, त्यासाठी मॉड केलेला ड्राइव्ह लागतो. जाकिटाला नवीन भोकं पाडणारेही आहेत, पण दुसरा रस्ता असताना मूळ वस्तू कशाला कापायची.

फ्लक्स फाइल आली की डीकोड करून बघा, ग्रीझवीझलचं सॉफ्टवेअर स्वतःच करतं, आणि एचएक्ससीच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खी डिस्क गोल चित्रात दिसते, चांगले सेक्टर हिरवे, चुकलेले लाल. हे चित्र बघायची सवय लावा, लाल सगळं एका गोल रेघेत असेल तर ओरखडा, एका पाचरीत असेल तर डाग किंवा बोटाचा ठसा, सगळीकडे विखुरलं असेल तर बहुतेक हेड घाण आहे किंवा फॉरमॅटच चुकीचा निवडलाय. हिरव्यावरही डोळे झाकून विश्वास नको. एमएफएममध्ये १६ बिटचा सीआरसी (डेटा बरोबर आला का ते ताडायचा आकडा) असतो तो भरवशाचा, पण कमोडोरचा चेकसम फक्त एक बाइट एक्सऑर करून काढलेला, म्हणजे वाटेल तसा बिघडलेला सेक्टरही साधारण २५६ मध्ये एकदा बरोबर म्हणून पास होऊ शकतो. तिथे अनेक फेऱ्यांची तुलना कामाला येते.

लाल ट्रॅकसाठी सगळी डिस्क परत वाचू नका, तेवढेच ट्रॅक वाचा. आधी हेड साफ करा, मग हेड शून्यावर नेऊन परत त्या ट्रॅकवर आणा, मग आतल्या ट्रॅककडून बाहेर येत वाचून बघा, कधी कधी एवढ्या केसभर फरकाने जमून जातं. मग दुसरा ड्राइव्ह, कारण ज्या ड्राइव्हवर लिहिलं त्याचीच अलाइनमेंट वाकडी असेल तर तितकाच वाकडा दुसरा ड्राइव्ह तिला सरळ वाचतो. वेगवेगळ्या प्रयत्नांतले चांगले सेक्टर एकत्र जोडता येतात, म्हणून अर्धवट आलेली एकही फ्लक्स फाइल उडवू नका.

फाइल ठेवायचं काम कंटाळवाणं आहे पण पहिल्या डिस्कपासून करा. वाचायच्या आधी लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो, सोबतच्या पाकिटावर पेनाने काही खरडलं असेल तर तेही, डिस्कला अनुक्रमांक (पेन्सिलने पाकिटावर, डिस्कवर दाबून बॉलपेनने नाही), आणि त्याच नंबरचा फोल्डर. फोल्डरमध्ये फ्लक्स, डीकोड केलेली इमेज, फोटो आणि एक साधी टेक्स्ट फाइल, तारीख, ड्राइव्ह कुठला, किती फेऱ्या, कुठले ट्रॅक लाल. डिस्कवर लिहिलेलं नाव आणि आत निघालेलं नाव दोन्ही लिहा, ते बहुतेक वेळा जुळत नाहीत. फ्लक्स फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली का ते पुढे ताडायचा आकडा) काढून त्याच टेक्स्टमध्ये टाका आणि मग ती फाइल रीड ओन्ली करा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या जागी.

आत काय आहे ते आता एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बघा, कमोडोरसाठी व्हाइस, अमिगासाठी विनयूएई किंवा एफएस-यूएई, एसटीसाठी हतारी, ॲपल टूसाठी ॲपलविन. एम्युलेटरला नेहमी इमेजची कॉपी द्या, मूळ फाइल नाही, कारण हायस्कोअर सेव्ह करणारा गेम इमेजमध्ये लिहितो. टेक्स्ट फाइल उघडल्यावर लहान-मोठी अक्षरं उलटी आणि मध्येच चित्रविचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका, कमोडोरची अक्षरांची सांकेतिक यादी पेटस्की ही नेहमीच्या आस्कीपेक्षा वेगळी आहे, कन्व्हर्टर मिळतात. आणि डिस्क दुसऱ्या कुणाच्या असतील तर खाजगी पत्रं, पासवर्ड, हिशेब निघतात, ते कुठेही अपलोड करण्याआधी मालकाला विचारा.

मूळ डिस्क फेकू नका, इमेज हिरवीगार आली तरी. उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकर आणि मोटरपासून लांब. थंड जागेतून आणलेली डिस्क लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, तिच्यावर दव धरतं, खोलीत काही तास बसू द्या. आणि न वाचल्या गेलेल्यांची पेटी वेगळी, प्रत्येकीवर चिठ्ठी, काय काय करून झालं आणि कुठल्या ट्रॅकवर अडलं याची, म्हणजे चांगला ड्राइव्ह हाती लागेल तेव्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.